पोस्टर भिंतीवर लावा, पण चिकटवू नका

प्रश्न : झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांची चाळीसेक पोस्टर जमली आहेत, बहुतेक २० बाय ३० इंचांची. सगळ्यांना फ्रेम करणं परवडत नाही. स्वस्तात कशी लावावीत?
– वाचक, ता. ब्रह्मपुरी

उत्तर : सगळ्यांना फ्रेम करूही नका. शाळेतल्या नकाशासारखी वर-खाली लाकडी पट्टी लावली की पोस्टर सरळ लटकतं आणि हवं तेव्हा बदलताही येतं. एका पोस्टरला २१ इंच लांब, १ इंच रुंद आणि ३ सूत (३/८ इंच) जाड अशा चार पट्ट्या लागतात, दोन वर आणि दोन खाली. आरामशीनवर किंवा सुताराकडे उरलेल्या सागवानी बिडिंगमधून त्या निघतात. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर लाकडाचं कुसळ कागदात शिरतं.

खरी काळजी घ्यायची ती पोस्टर पट्टीत धरताना. स्क्रू पोस्टरमधून जाऊ देऊ नका. भोकाभोवती कागद आधी फाटतो, मग ती फट खाली सरकत जाते. त्याऐवजी जुन्या, धुतलेल्या पांढऱ्या मलमलीच्या २ इंच रुंद पट्ट्या कापा. पोस्टरच्या पाठीमागे वरच्या आणि खालच्या कडेला त्यांचा अर्धा इंच भाग चिकटवा, दीड इंच बाहेर राहू द्या. लाकडाच्या दोन पट्ट्यांत हे बाहेरचं कापड दाबून दर ५–६ इंचांवर छोटा स्क्रू मारा. वजन कापडावर येतं, कागदावर ओढ राहत नाही.

चिकटवायला मैद्याची खळ घ्या : १ चमचा मैदा, ५ चमचे पाणी. मंद आचेवर ढवळत शिजवा, अर्धपारदर्शक झाली की उतरवा, गार करा आणि कापडातून गाळा. दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. आधी कापसाचा ओला बोळा एका कोपऱ्याला टेकवून शाई सुटते का ते पाहा. घट्ट खळ पातळ थरात लावायची. पाणी जास्त झालं की कागद फुगतो आणि वाळताना चुण्या पडतात. वर बटर पेपर ठेवून रात्रभर पुस्तकांच्या वजनाखाली दाबा. झुरळं-कसर येऊ नये म्हणून काही जण खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतात. तो घालू नका. तांब्यामुळे कागद लवकर ठिसूळ होतो, शिवाय तो विषारी आहे.

पूर्ण पोस्टर फेविकॉलने प्लायवर चिकटवण्याचा मोह होतो, कारण पहिल्या दिवशी ते फार सुंदर दिसतं. पण पावसाळ्यात कागद ओल धरून पसरतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि चिकटलेला असल्यामुळे फुगे धरतो किंवा तडकतो. मग ते पोस्टर सोडवताही येत नाही.

एका वेळी सहा-आठच लावा. बाकीची सपाट ठेवायला जागा नसेल तर ४ इंची पीव्हीसी पाइपवर आधी धुतलेलं सुती कापड गुंडाळा, त्यावर पोस्टर सैल गुंडाळा आणि वरून पुन्हा कापड. पाइपच्या आत पोस्टर कोंबू नका. काढताना कडा तिथेच फाटतात.

प्रश्न : दोन-तीन निवडक पोस्टर काचेत बसवायची आहेत. पूर्वी बसवलेलं एक काचेलाच चिकटलं. काच घ्यावी की अ‍ॅक्रेलिक?
– वाचक, ता. अर्जुनी मोरगाव

उत्तर : चिकटलं ते ओलीमुळे. काच गार झाली की आतल्या बाजूला दव धरतं आणि शाईचा थर तिला चिकटतो. म्हणून काच आणि कागद यांच्यात २–३ मिलिमीटरची फट हवी. जाड माउंट बोर्डची चौकट किंवा कडेने बारीक लाकडी काडी बसवली की काम होतं. आणि फ्रेम पावसाळ्यात बंद करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, कागद कोरडा असताना करा.

२० बाय ३० ची २ मिमी काच सुमारे २ किलो भरते, ३ मिमीची सुमारे ३ किलो. २ मिमी अ‍ॅक्रेलिक किलोपेक्षाही कमी. मातीच्या भिंतीवर अ‍ॅक्रेलिकच बरं, पण ते धूळ ओढतं आणि कोरड्या कापडाने पुसलं की ओरखडे पडतात. पक्क्या भिंतीवर काच चालेल. पैसे वाचवायचे तर काचेच्या जाडीवर वाचवा, पाठीवर नको. पाठीला ५ मिमी सनबोर्ड (प्लास्टिकचा हलका फोम-बोर्ड) लावा. ३ मिमीचा टिनाच्या छपराखालच्या उन्हाळ्यात वाकतो. ८ बाय ४ फुटांच्या शीटमधून २० बाय ३० चे सहा तुकडे निघतात. जुना कागद त्या प्लास्टिकला थेट टेकवू नका, मध्ये पांढरा जाड कागद घाला. पोस्टर फक्त वरच्या कडेला, दोन छोट्या मलमल-पट्ट्यांनी, बोर्डावर टांगा. जुन्या तसबिरींच्या चौकटी मिळाल्या तर त्या मापाच्याच आहेत का ते आधी बघा. चौकटीसाठी पोस्टर कापणं ही चूक परत भरून निघत नाही.

प्रश्न : घर मातीच्या भिंतीचं, वर टिन. खिळे निघून येतात. पोस्टर कुठं टांगावं?
– वाचक, ता. कुरखेडा

उत्तर : भिंतीवर भार टाकूच नका. दोन खांबांमध्ये, किंवा वरच्या बल्लीवरून, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ताणा आणि पट्टी तिला लटकवा. पोस्टर भिंतीपासून १ इंच तरी दूर राहील असं बघा. फट राहिली की ओल चढत नाही, वाळवीची माती दिसते. चुन्याची भिंत असेल तर हे आणखी महत्त्वाचं, चुना घासून पाठीला लागतो.

जागा निवडताना दोन गोष्टी टाळा. पश्चिमेचं ऊन पडणारी भिंत, कारण ऊन लागलं की लाल-पिवळे रंग आधी उडतात. आणि कूलरचा झोत! एप्रिल-मेमध्ये कूलरसमोरच्या भिंतीवर दिवसभर ओली हवा आदळते, बाकी घर कोरडं. त्यात पोस्टर आठवडाभरात लहरतं.

प्रश्न : सेलोटेप कसा काढावा?
– वाचक, ता. साकोली

उत्तर : ताजा असेल तर हेअर ड्रायरची कोमट हवा देत, कागदाला जवळजवळ समांतर ओढत, हळू काढा. पेट्रोल, थिनर नको, शाई वाहते. जुना, पिवळा पडलेला टेप वरून सुटतो, पण त्याचा तपकिरी डाग कागदात मुरलेला असतो आणि तो घरी निघत नाही. तिथे हात लावू नका. फोटो काढून तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडून प्रत छापा, ती भिंतीवर लावा आणि मूळ पोस्टर पाइपवर गुंडाळून ठेवा.