मुलाच्या शाळेतून सारख्या तक्रारी येत असताना मी फाउंटन पेनांत वेळ घालवणं बरोबर आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत. काही महिन्यांपासून डायरीत शेरे येतात. कधी शेजारच्याला ढकललं, कधी वही फाडली, कधी बाकाखाली जाऊन बसला. संध्याकाळी तुम्ही पेनं धुवायला, भरायला बसलात की घरचे म्हणतात, आधी पोराकडे बघा. आणि नेमका तेव्हाच तो पेनाला हात घालायला येतो. मग छंद बंद करावा, की त्यालाही एक पेन द्यावं?

छंद बंद करू नका. पेन त्याला जरूर द्या, पण बक्षीस म्हणून नको आणि उपाय म्हणून तर मुळीच नको. मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते आणि स्वतः शाईपेनानेच लिहिते, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलते आहे. पेन देण्याआधी मात्र तुमच्या पेनाने एक काम करायचं आहे.

डायरीतला शेरा गोष्टीचा फक्त मधला तुकडा सांगतो. ‘ढकललं’ हे कळतं. त्याच्या आधी काय चाललं होतं आणि नंतर काय झालं, हे त्यात नसतं, आणि खरं उत्तर बहुतेक वेळा तिथेच दडलेलं असतं. एक वही घ्या आणि चार रकाने आखा: वेळ, आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. शेरा आला की बाईंना एवढंच विचारा, ‘तेव्हा कोणता तास होता आणि पुढे काय झालं?’ दोन ओळींचं उत्तर पुरे. संध्याकाळी ते आवडत्या पेनाने लिहून काढा. ‘उद्धटपणा केला’, ‘हट्टीपणा केला’ असले शब्द वहीत नकोत. ‘फळ्यावरचं उतरवून घ्यायला सांगितलं, त्याने वहीचं पान फाडलं, त्याला दाराजवळ बसवलं’ असं लिहा. दोन-तीन आठवड्यांत पानं समोर ठेवून वाचलीत की वेळ किंवा प्रसंग परत परत तोच दिसायला लागतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलाचं सांगते. रोज कोणाची ना कोणाची वही ओढायचा. सगळे म्हणत, मारकुटा आहे. तास पाहिले तर हे फक्त फळ्यावरून उतरवताना होत होतं. तोंडी गणितं, गाणी, खेळ यांत काहीच नाही. त्याला मागच्या बाकावरून फळा नीट दिसत नव्हता, म्हणून तो शेजारच्याच्या वहीत बघायचा. शेजारचा हाताने वही झाकायचा आणि हा ती ओढायचा. त्याला चष्मा लागला, जागा पुढे आली आणि वही ओढण्याचं कारणच संपलं. सगळ्यांचं इतक्या सरळ सुटत नाही, पण डोळे आणि कान तपासून घेणं हे पहिलं काम, हे मी प्रत्येक पालकाला सांगते.

तुमच्या मुलाच्या शेऱ्यांत वही फाडणं आणि बाकाखाली जाणं आहे, त्यामुळे लिहिण्याचे तास मी आधी बघेन. सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत लिहिण्याचं बळ अजून येत असतं. काही मुलांना दोन ओळी लिहिल्या की हात दुखतो, आणि ‘मला जमत नाही’ असं म्हणण्यापेक्षा पान फाडणं त्यांना सोपं वाटतं. त्यावर त्याला दाराजवळ बसवलं तर लिहिणं टळलं. त्याच्या दृष्टीने पान फाडणं उपयोगी पडलं, म्हणून उद्या तो पुन्हा फाडणार. शिक्षा वाढवली तर हे उलट पक्कं होतं. अशा वेळी बाईंना विनंती करा की काम निम्मं द्या, पण तेवढं पूर्ण करून घ्या, आणि त्याने हात वर करून ‘मदत हवी’ म्हटलं की लगेच जवळ जा. हे दोन शब्द त्याच्याकडून घरी म्हणवून घ्या, खेळता खेळता, अनेकदा. पान फाडून जे मिळत होतं ते मागून मिळायला लागलं की फाडण्याची गरज कमी होते.

वहीत दुसरंच काही दिसलं, म्हणजे सगळे प्रसंग मधल्या सुट्टीतले निघाले, तर अडचण खेळात शिरण्याची असू शकते. ‘मी पण येऊ?’ हे न सुचल्याने मुलं ढकलून खेळात शिरतात. तेही घरी घोटून घेता येतं. आणि प्रसंग दिवसाच्या शेवटी शेवटी होत असतील तर झोप बघा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते, आणि पेंगुळलेलं लहान मूल मोठ्यांसारखं शांत होत नाही, ते चवताळतं.

शाळा सुटताना फाटकाशी ‘आज पुन्हा काय केलंस?’ हा प्रश्न नको. ‘का केलंस?’ तर नकोच. या वयात त्याचं उत्तर त्याच्यापाशी नसतं, मग तो गप्प बसतो किंवा काहीतरी बनवून सांगतो. पोटात काहीतरी जाऊ द्या, तासभर जाऊ द्या, मग विचारा, ‘तेव्हा काय चाललं होतं?’ आणि शाळेत जे झालं त्याचे परिणाम शाळेत संपले. घरी दुसऱ्यांदा शिक्षा नको.

बाई तयार असतील तर एक रोजचं कार्ड सुरू करा. त्यावर एकच गोष्ट लिहायची, आणि ती ‘करू नये’ अशी न लिहिता ‘करावी’ अशी लिहायची: ‘हात स्वतःजवळ ठेवले.’ दिवसाचे तीन भाग करायचे आणि प्रत्येक भागाला बाईंनी खूण करायची. सुरुवातीला तीनातली एक खूण मिळाली तरी दिवस चांगला धरायचा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात त्याला वाटेल की हे आपल्याला जमणारं नाही. बक्षीस त्याच संध्याकाळी, आणि छोटं: त्याने निवडलेला खेळ तुमच्याबरोबर, झोपताना एक जास्तीची गोष्ट. आठवड्याच्या शेवटी मिळणारं मोठं खेळणं सहा वर्षांच्या मुलाला फार लांबचं असतं. कौतुकही नेमकं करा. ‘शहाणा माझा बाळ’ ऐकायला गोड आहे, पण ‘आज रागावलास तरी हात मागे घेतलास’ ऐकलं की उद्या काय करायचं ते त्याला कळतं.

या बक्षिसांत पेन घालू नका, असं मी मघाशी म्हटलं त्याचं कारण आता सांगते. चांगला वागलास तर पेन, नाहीतर काढून घेतलं, असं एकदा झालं की ती शाळेच्या तक्रारीचीच आणखी एक वस्तू होते. तुमच्या घरात शाळेच्या शेऱ्यांशी संबंध नसलेला एक कोपरा आहे. तो तसाच राहू द्या, आणि वाईट गेलेल्या दिवशीही तिथे त्याला जागा असू द्या. तो पेनाला हात घालायला येतो कारण तुम्ही तिथे शांत, रमलेले असता. दिवसभर ‘हे करू नकोस’ ऐकून आलेल्या मुलाला असा माणूस शेजारी हवाच असतो. घरच्यांनाही हे सांगा: त्या अर्ध्या तासात तुम्ही पोराकडेच बघत असता, फक्त तो तुमच्या शेजारी बसलेला असतो.

सुरुवात लिहिण्याने करू नका, धुण्याने करा. काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्या (गरम नको, त्याने पेनाचे भाग बिघडू शकतात) आणि शाईने भरलेली निब त्यात हळूच बुडवू द्या. निबच्या टोकाखालून निळा धागा सुटतो, सरळ तळाशी जातो, तिथे वळतो आणि पसरत जातो. दिवसभर कुठेही न टिकणारं मूल हे टक लावून बघतं. मग पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायचं, रंग फिका होईपर्यंत. हे खरं काम आहे आणि यात नापास होता येत नाही.

त्याचं पेन वेगळं आणि स्वस्तातलं असावं, म्हणजे निब वाकली तरी तुमच्या कपाळावर आठी येणार नाही. स्टीलची निब, आणि पकडीच्या जागी तीन बाजूंचा आकार. जर्मनीत पेलिकानने 1960 मध्ये खास शाळकरी मुलांसाठी पेलिकानो काढलं, 1980 मध्ये लामीचं सफारी आलं, 2013 मध्ये जपानच्या पायलटने काकुनो आणलं. काकुनोच्या निबवर हसरा चेहरा कोरलेला आहे. तो वर दिसला की पेन बरोबर धरलं, हे लहान मुलाला न सांगता समजतं. शाई पाण्याने धुतली जाणारी रॉयल ब्लूच घ्या. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई पेनात कधीच भरू नका, ती निबखालच्या जिभेच्या (शाई निबपर्यंत आणणाऱ्या भागाच्या) बारीक खाचांत वाळून बसते. त्याला ड्रॉपरने भरायचं पेनही नको, काडतुसाचं, म्हणजे शाईने भरलेली तयार नळी बसवायचं, बरं. ड्रॉपरच्या पेनात शाई संपत आली की पोटातली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाईचा थेंब टपकन पानावर पडतो. अशा डागावरून रडारड व्हायला वेळ लागत नाही.

आता लिहिणं. पेन्सिल आणि बॉलपेन दाबावं लागतं, म्हणून मुलं दाबायला शिकतात. शाईपेनात शाई निबच्या चिरेतून आपोआप खाली येते आणि कागदाला टेकलं की उतरते. दाबलं तर निबच्या दोन पाकळ्या फाकतात आणि रेघ जाड होते. म्हणजे हात किती जड पडतोय हे त्याला कागदावरच दिसतं, तुम्हाला ‘दाबू नकोस’ म्हणावं लागत नाही. कागद जरा घट्ट द्या, पातळ कागदावर शाई फुटते. तो डावखुरा असेल तर ओल्या ओळीवरून हात फिरून सगळं पुसलं जाईल, तेव्हा लवकर वाळणारी शाई आणि टीपकागद जवळ ठेवा. अक्षरं गिरवायला मात्र बसवू नका. त्याला वाटोळी, डोंगर, राक्षस, स्वतःचं नाव, जे वाटेल ते काढू दे. तुम्ही शेजारी तुमचं लिहा आणि त्याचं अक्षर सुधारू नका. याने शाळेतलं ढकलणं थांबेल असं मी म्हणत नाही. ते वहीतून, बाईंशी बोलण्यातून आणि कार्डातून सुटेल. पेन शाळेत पाठवू नका, त्यावरून ओढाओढ ठरलेली.

बाईंशी सविस्तर बोलायचं तर शाळा सुटताना दारात नको, वेळ मागून घ्या आणि वही बरोबर न्या. चांगल्या दिवशी बाईंना हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी पाठवा. तक्रारींच्या ढिगात अशी चिठ्ठी आली की आमच्याही नजरेत ते मूल बदलतं, हे शिक्षिका म्हणून सांगते.

आणि हे सगळं करूनही काही महिन्यांत फरक पडला नाही, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, शाळेबरोबर घरीही तसंच चालू असेल, बोलणं किंवा अक्षरओळख वयाच्या मानाने बरीच मागे असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा. ते गरजेप्रमाणे बालमानसतज्ज्ञांकडे किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (लिहिण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवतील. तोवर कोणी ‘याला एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांची समस्या) आहे’ असं सहज म्हणून गेलं तर धरून बसू नका. त्या निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसावी लागतात, आणि ते तज्ज्ञच ठरवतात. भेटीला जाताना ती चार रकान्यांची वही घेऊन जा. डॉक्टर पहिले प्रश्न तेच विचारतील: कधी, कुठे, आधी काय, नंतर काय.