स्लेड बदल, पण ब्रँड कशासाठी?

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझी बर्फावर चालवायची स्नोमोबिल, म्हणजे आपली स्लेड, पोलारिसची सोडून स्की-डूची घ्यायचं तू जवळजवळ ठरवलेलंच दिसतंय, मला फक्त ‘मम’ म्हणायला बोलावलं आहेस. तेवढ्यावर माझं भागत नाही हे माहीत असूनही विचारलंस, म्हणून सविस्तर लिहितो.

तू जोडीच चुकीची लावतोयस. तुझी पोलारिस स्विचबॅक 2016 ची. तिला तू मित्राच्या कोऱ्या स्की-डू रेनेगेडशेजारी उभी करतोस आणि म्हणतोस, ‘काका, जमीन-अस्मानाचा फरक आहे.’ असणारच. मधल्या काळात दोन्ही घरी सगळंच बदललं. स्की-डूची चौथ्या पिढीची चासी, म्हणजे सांगाडा, आणि 850 ई-टेक इंजिन 2017 च्या मॉडेलपासून आलं. पोलारिसचं पॅट्रिअट 850 इंजिन 2019 ला आणि मॅट्रिक्स चासी 2021 ला. म्हणजे मित्राच्या स्लेडवर तुला जो फरक जाणवला, त्यात दहा वर्षांचा वाटा किती आणि ब्रँडचा किती, हे तुला अजून ठाऊक नाही. ते कळायचं तर एखाद्या मॅट्रिक्सवर बस. कोणाची तरी मागून घे, तासभर चालव आणि मग बोल. नाहीतर दुरून डोंगर साजरे, एवढंच त्यातून निघेल.

आता तुझ्या तक्रारी. पहिली, की ट्रेलवर हँडल आपोआप डावी-उजवीकडे खेचलं जातं आणि संध्याकाळपर्यंत खांदे भरून येतात. याला इथले लोक डार्टिंग म्हणतात. शेकडो स्लेड एकाच वाटेवरून गेल्या की दाबून घट्ट झालेल्या बर्फात त्यांच्या स्कीखालच्या कार्बाइडच्या टणक पट्ट्यांनी चाकोऱ्या पडतात. तुझ्या स्कीखालची कार्बाइडची पट्टी त्या चाकोरीत उतरली की ती चाकोरी नेईल तिकडे स्की जाते. नवी स्लेड घेतलीस तरी चाकोऱ्या त्याच राहणार आहेत. शिवाय रेनेगेडच्या कार्बाइड नव्या आहेत, तुझ्या कधी बदलल्यास ते तूच आठव.

एका संध्याकाळी गॅरेजमध्ये एवढं करून बघ. मागचं टोक जरा उचलून ठेव आणि हँडल सरळ धर. दोन्ही स्कीची टोकं रबरी बंजी कॉर्डने एकमेकींकडे ओढून बांध, म्हणजे जोडांमधली ढिलाई निघून जाते. मग एक लांब सरळ पट्टी ट्रॅकच्या (मागच्या फिरत्या रबरी पट्ट्याच्या) कडेला लावून पुढे स्कीपर्यंत ने आणि कार्बाइडच्या पुढच्या व मागच्या टोकापासून अंतर मोज. दोन्ही बाजूंचे आकडे जुळले पाहिजेत. स्की किंचित बाहेरच्या बाजूला उघडलेल्या चालतात, आतल्या बाजूला वळलेल्या अजिबात नाही. किती उघडायच्या ते तुझ्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेलं असतं. त्याच वेळी स्की वळवणाऱ्या टाय-रॉडची टोकं हाताने हलवून बघ. खडखडली तर अर्धा आजार तिथेच सापडला. मग प्रत्येक स्कीखाली दोन पट्ट्यांच्या कार्बाइड लाव. खर्च काहीशे डॉलरच्या आत, आणि नव्या स्लेडची किंमत त्याच्या कित्येक पट असते, हे तू मला सांगायची गरज नाही.

दुसरी तक्रार पाठीची. तू स्लेड आणलीस तेव्हा सस्पेन्शन तुझ्या वजनाला लावून घेतलंस का? माझा अंदाज, नाही. आधीचा मालक हडकुळा होता असं तूच सांगितलं होतंस. मागचा बंपर उचलून, हळूच सोडून, जमिनीपासून त्याची उंची मोज. मग जाड कपडे, बूट, हेल्मेट, पाठीवरची सॅक, सगळं लेवून बस आणि दुसऱ्या कोणाला परत मोजायला सांग. फरक फार जास्त निघाला तर मागची स्प्रिंग घट्ट करायची. जवळजवळ निघालाच नाही तर सैल. हे न करता कुठल्याही कंपनीची स्लेड घेतलीस तरी पाठ तीच राहणार.

तिसरी, दोन क्लचना जोडणारा बेल्ट उडण्याची, म्हणजे तुटण्याची. इथे मी तुझ्या बाजूने थोडा आहे. पण दोन्ही क्लच एका रेषेत आहेत का, त्यांचे पत्रे काळे-तेलकट झालेत का, नवा बेल्ट बसवल्यावर पहिले काही मैल दमाने चालवलेस का, ही उत्तरं आधी हवीत. एकाच हिवाळ्यात दोन बेल्ट गेले म्हणून कंपनीलाच सोडचिठ्ठी देणारे मी पाहिलेत. पुढच्या हिवाळ्यात त्यांचे नव्या ब्रँडचेही बेल्ट गेले.

एवढं करूनही मन भरलं नाही तर मग ब्रँडचं बोलू. तिथेही इंजिन, घोडे, रंग यांच्या कितीतरी आधी मी डीलरचं नाव विचारेन.

मिनेसोटात ट्रेल साधारण डिसेंबर ते मार्च, पण खरं घसघशीत बर्फ किती आठवडे? 2023-24 चा हिवाळा तुला आठवत असेल, जानेवारीत अंगणात गवत दिसत होतं. अशा चिमूटभर हंगामात स्लेड तीन आठवडे वर्कशॉपमध्ये पडली तर वर्ष गेलं समज. त्यामुळे तुझ्या घरापासून तासाभरात कोणत्या ब्रँडचा डीलर आहे, त्याच्याकडे किती मेकॅनिक आहेत, दुसरीकडून घेतलेल्या मशीनचं वॉरंटीचं काम तो मनापासून करतो की तोंड वाकडं करून, यावर तुझा निर्णय निम्मा ठरला पाहिजे. सेल्समनशी नंतर बोल. आधी पार्ट्सच्या काउंटरवर जा आणि तुझ्या डोक्यात असलेल्या मॉडेलचा बेल्ट माग. चांगला माणूस पडद्याकडे न बघता मागच्या रॅकवरून काढून आणतो आणि वर विचारतो, ‘क्लच साफ केलेत ना?’ दुसरीकडे तुला सांगतील, ‘मागवून देऊ, मंगळवारी येईल.’ शनिवारी सकाळी ट्रेलवर जायचं असताना या मंगळवारची किंमत कळते. तुझ्या भागात स्की-डूचा डीलर पहिल्या प्रकारचा असेल आणि पोलारिसचा दुसऱ्या, तर बिनधास्त बदल. मी ‘मम’ म्हणेन, दक्षिणाही मागणार नाही.

तुझ्या मेसेजमध्ये आर्क्टिक कॅटची एक जुनी थंडरकॅट स्वस्तात मिळतेय असंही होतं. त्याबद्दल जरा मागचं सांगतो, कारण ब्रँड टिकतो की नाही हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेत शंभरावर कंपन्या स्नोमोबिल बनवत होत्या. आज त्यांतली बहुतेक नावं जुन्या स्लेडच्या जत्रेतच दिसतात. पोलारिस 1954 ला आपल्याच राज्याच्या पार उत्तरेला, रोझो गावात सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एडगर हेटीन 1960 ला अलास्कात बेथेलहून फेअरबँक्सपर्यंत स्लेडवरून गेला. परतल्यावर कंपनीतल्या लोकांशी पटेना, म्हणून बाहेर पडला आणि साधारण शंभर किलोमीटरवरच्या थीफ रिव्हर फॉल्समध्ये त्याने जी कंपनी काढली तीच पुढे आर्क्टिक कॅट झाली. म्हणजे ज्या दोन ब्रँडवरून इथले लोक ताटावरून उठतात, त्यांचं मूळ एकाच माणसाशी जाऊन मिळतं. भाऊबंदकी म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. तिकडे क्युबेकमधल्या वाल्कूरमध्ये जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए याची पहिली स्की-डू 1959 ला आली. पुढे तिला इंजिनं ऑस्ट्रियातल्या रोटॅक्सची आली.

आर्क्टिक कॅट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दिवाळखोरीत गेली, पुन्हा उभी राहिली. 2017 ला टेक्स्ट्रॉनने घेतली, 2024 च्या अखेरीस उत्पादन थांबवणार असं जाहीर झालं आणि 2025 ला ती पुन्हा नव्या मालकांकडे गेली. यामाहाने तर 1968 पासूनचा धंदा आवरता घेतला. इथल्या बाजारात 2025 चं मॉडेल शेवटचं. आता गंमत बघ, तुला मिळतेय त्या थंडरकॅटमधलं टर्बो इंजिन यामाहाचं आहे. इंजिन दणकट, वाद नाही. पण चासी एका कंपनीची, इंजिन दुसरीचं, आणि दोघींच्या घरी एवढी उलथापालथ. स्वतः हात काळे करणाऱ्याने, जवळ जुना आर्क्टिक कॅटचा डीलर असेल तर, जरूर घ्यावी. तुला तेलाचा डबा उघडायला यूट्यूब लागतं. तू नको घेऊस.

दोन शब्द सामानाबद्दल, कारण ब्रँड बदलण्याचा हा खर्च ब्रोशरमध्ये कधीच नसतो. तुझी मागची बॅग आणि पेट्रोलचा कॅन पोलारिसच्या ‘लॉक अँड राइड’च्या खाचांत बसतात. स्की-डूची खटकी ‘लिंक’ची, तीत ते बसत नाहीत. स्पेअर बेल्ट वेगळा, क्लचची हत्यारं वेगळी. टू-स्ट्रोकचं तेलही तिथल्या इंजिनासाठी सांगितलेलंच घालायचं. घरातले उरलेले डबे संपवायला म्हणून नव्या टाकीत ओतू नकोस. हे सगळं बेरजेत धर. उलट बाजूही सांगतो, सूनबाईला अधूनमधून मागे बसवून न्यायचं असेल तर स्की-डूच्या काही मॉडेलवर त्याच ‘लिंक’वर बसणारी मागची सीट मिळते, एकटा जाताना काढून ठेवायची. पोलारिसमध्येही दोघांची सोय असलेली मॉडेल्स आहेत, ती जाऊन बघ. तिला बसवून बघ, तू ठरवू नकोस.

आणि तुझी टोळी. डुलुथहून ग्रँड मरेपर्यंतची नॉर्थ शोअर ट्रेल 146 मैलांची. मध्ये फिनलंड नावाचं गाव ओलांडलं की काही ठिकाणी फोनला रेंज नाही. तिथे एखाद्याचा बेल्ट गेला आणि बाकी तिघांकडे त्याच मापाचा असला तर दहा मिनिटांत पुढे निघता. चौघांचे चार ब्रँड असले की प्रत्येकाने आपापला संसार पाठीवर वाहायचा. तुमच्यातले तिघं पोलारिसवाले आहेत ना? टोळीसाठी ब्रँड धरून ठेव असं मी म्हणत नाही, दोन स्पेअर बेल्ट जवळ ठेवलेस तरी भागतं. पण हिशेबात घे.

मग बदलायचं कधी? एक कारण मी ताबडतोब मान्य करतो, ते म्हणजे अंगाला बसणं. प्रत्येक चासीवर माणूस वेगळ्या जागी बसतो. हँडलची उंची, गुडघा कुठे टेकतो, उभं राहिल्यावर पाय फळीवर नीट मावतात का, अंगठ्याचा थ्रॉटल जाड हातमोज्यात दाबता येतो का. तू सहा फुटी आहेस. एखाद्या स्लेडवर उभा राहून तुझी पाठ सरळ राहत असेल आणि दुसरीवर वाकत असेल, तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही. हे शोरूममध्ये, मशीन बंद असताना, फुकट कळतं. लोक मात्र तिथे टचस्क्रीनवरून बोटं फिरवत बसतात.

टर्बोच्या वाटेला जाऊ नकोस. तुझं सगळं चालवणं ट्रेलवर, आणि राज्यात ट्रेलवरची वेगमर्यादा ताशी 50 मैल. 850 सुद्धा तुला जास्तच होईल. स्की-डूचं 600 आर ई-टेक किंवा पोलारिसचं पॅट्रिअट 650 या लहान इंजिनांवर मन बसतंय का बघ. 137 इंची ट्रॅक तुझ्याकडे आहे तो ठीकच आहे, तो बदलू नकोस. वायोमिंगला डोंगरात जायचं तू दर वर्षी म्हणतोस. ज्या वर्षी खरंच जाशील त्या वर्षी तिथे भाड्याने घे.

मार्चमध्ये सगळ्या कंपन्यांचं स्प्रिंग बुकिंग उघडतं, पोलारिस त्याला स्नोचेक म्हणते. अनामत आत्ता भरायची, रंग-ट्रॅक-शॉक निवडायचे, स्लेड पानगळीत हातात. सवलती बऱ्या असतात, वॉरंटीही कधी वाढवून मिळते. पण आधी डीलरला विचार, की मागच्या वर्षीची न विकलेली कोरी कुठली पडून आहे का. एखादा बर्फ नसलेला हिवाळा गेला की अशा स्लेड शोरूमच्या मागच्या कोपऱ्यात उरतात आणि त्यांच्या किमतीवर घासाघीस होते. आपल्याला घासाघीस येते, ती इंग्रजीतही जमते.

जुनी स्विचबॅक दुसऱ्या ब्रँडच्या डीलरला देऊ नकोस. ती विकून त्यालाच नफा कमवायचा असतो, भाव पाडूनच मागतो. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला की स्वतः जाहिरात टाक. नाहीतर सप्टेंबरात नॉर्थ ब्रँच गावी ‘हे डेज’ नावाचा स्लेडवाल्यांचा मेळा भरतो, लेबर डेनंतरचा शनिवार-रविवार, तिथे शेतात जुन्या सामानाच्या खरेदी-विक्रीची स्वॅप मीट असते. बऱ्याचदा तो ऐन गणपतीत येतो, तेव्हा आरतीची वेळ सांभाळून ये. जुन्या बॅगा, हत्यारं, स्पेअर बेल्टही तिथेच खपतील.

या शनिवारी तू डीलरकडे जाणार म्हणतोस. बूट, हेल्मेट, जाड पँट गाडीत टाकून ने, नाहीतर अंगाला बसतंय की नाही ते कळणार नाही. आणि त्याआधी शुक्रवारी रात्री बंजी कॉर्ड आणि टेप घेऊन स्कीचं माप काढ. आकडे मला पाठव, मग फोनवर बोलू.

तुझा,
काका