सी मेजर स्केल: अंगठा आधीच आत सरकू द्या
हार्मोनियमवर आपण बिलावलचे स्वर वाजवले असतील, तर पियानोवरील सी मेजर स्केल कानाला परके वाटणार नाही. बोटांची शिस्त मात्र नव्याने लावावी लागेल. उजव्या हाताने चढताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांनी तीन स्वर वाजवल्यावर अंगठा बोटांखालून चौथ्या स्वरावर, म्हणजे एफवर, न्यावा. खरी अडचण इथेच येते, कारण अंगठा ऐन वेळी ओढला की कोपर उचलले जाते आणि तो स्वर उगाच जोरात वाजतो. म्हणून दुसरा स्वर वाजत असतानाच अंगठा आत सरकू द्यावा. डावा हात चढताना करंगळीपासून सुरू होतो आणि अंगठ्यानंतर मधले बोट वरून येते. पियानोवादक-संगीतकार शोपाँ तर शिष्यांना आधी बी मेजर स्केल शिकवत असे, कारण लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर सहज बसतात; सी मेजर अवघड वाटले, तर तेही करून पाहावे.