गाडी मिळाली, पण चालवणाऱ्याचा पगार कोण देणार?

कंपन्यांची फाउंडेशन्स आरोग्य आणि विज्ञान शिक्षणातल्या संस्थांना पैसे देतात त्याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली, त्यातली चार घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण दुखणं तिथेच आहे.

प्रश्न : ताई, आमची छोटी संस्था आहे, शाळांमध्ये जाऊन मुलांकडून विज्ञानाचे प्रयोग करून घेतो. एका कंपनीच्या फाउंडेशनने तीन वर्षं पैसे दिले, फिरत्या प्रयोगशाळेसाठी गाडीपण दिली, आणि आता अचानक म्हणतात आमचा फोकस बदललाय. रिपोर्ट सगळे वेळेवर दिले, ऑडिटमध्ये काही निघालं नाही, मग आमचं चुकलं कुठे?

उत्तर : कामात काहीच चुकलं नसणार. मी काही वर्षं देणाऱ्यांच्या ऑफिसातही काम केलंय म्हणून सांगते, फोकस बदलण्याचा निर्णय बऱ्याचदा तुमची फाइल न उघडताच झालेला असतो, कंपनीत नवे साहेब येतात, नफा घसरतो, नाहीतर कंपनी दुसऱ्या धंद्यात शिरते.

मुळात फाउंडेशन हा शब्द एकच असला तरी आत दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. काही फाउंडेशन्सकडे स्वतःची मोठी ठेव किंवा शेअर्स असतात. जर्मनीतलं बॉश फाउंडेशन घ्या, बॉश कंपनीचं ९० टक्क्यांहून जास्त भांडवल त्याच्याकडे आहे, म्हणजे तिथे फाउंडेशनच कंपनीचं मालक, आणि श्टुटगार्टचं बॉश हॉस्पिटल त्याच्याच आधाराने चालतं. ब्रिटनमधल्या एका औषध कंपनीचे मालक हेन्री वेलकम १९३६ साली वारले तेव्हा त्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे कंपनीचे सगळे शेअर्स वेलकम ट्रस्टकडे गेले, पुढे ट्रस्टने ते टप्प्याटप्प्याने विकून पैसा इतरत्र गुंतवला, आता ती कंपनी त्या नावाने उरलीही नाहीये पण ट्रस्ट मात्र आरोग्य संशोधनाला पैसे देतोच आहे. अशा ठिकाणी पाच-सात वर्षांचं बोलणं होऊ शकतं. दुसरा प्रकार म्हणजे कंपनी दरवर्षी नफ्यातून काही रक्कम फाउंडेशनमध्ये टाकते आणि ती साधारण त्याच वर्षी वाटून संपते, मागे ठेव अशी काही नाही. तुमचं फाउंडेशन बहुतेक या दुसऱ्या प्रकारातलं असावं. वाईट लोक नसतात हो ते, पण पुढच्या वर्षाचं वचन द्यायला त्यांच्याच हातात काही नसतं, त्यामुळे पहिल्याच मीटिंगमध्ये सरळ विचारायचं की तुमचा पैसा ठेवीवरच्या उत्पन्नातून येतो की चालू नफ्यातून, आणि थांबायचं झालं तर आम्हाला किती महिने आधी कळेल. यात उद्धटपणा काही नाही. देणाऱ्यांकडे संस्थांचं काम बघणारा चांगला प्रोग्राम ऑफिसर असल्या प्रश्नाने खूशच होतो.

देणारा गेला म्हणजे काम संपलंच असंही नाही. अमेरिकेत शाळकरी मुलांची एक मोठी विज्ञान स्पर्धा १९४२ पासून चालू आहे, आधी वेस्टिंगहाउसच्या पैशावर, १९९८ पासून इंटेलच्या, आणि २०१७ पासून रीजेनेरॉन या औषध कंपनीच्या. तीन कंपन्या झाल्या पण स्पर्धा चालवणारी ना-नफा संस्था तीच राहिली, कारण परीक्षक, जुने विद्यार्थी, निवडीची पद्धत हे सगळं तिच्याकडे होतं, कंपनीकडे फक्त नाव आणि चेक. तुमच्याकडे असं काय आहे जे गाडी परत गेली तरी तुमचंच राहील, ते आधी एका कागदावर लिहून काढा. मला वाटतं ते म्हणजे तुमचे शिक्षक आहेत.

आणि गाडीबद्दल. गाडी मिळते कारण गाडीसोबत फोटो निघतो, पण ड्रायव्हरचा पगार, फुटलेल्या काचनळ्या, रात्री बसून हिशेब लिहिणारी मुलगी, शिक्षकांचं ट्रेनिंग, याला पैसे मागितले की लगेच ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च, जास्त दिसतोय म्हणतात! मग संस्था घाबरून प्रपोजलमध्ये हे खर्च कमी दाखवतात, देणाऱ्याला वाटतं एवढ्यात भागतं, पुढच्या वर्षी तो अजून कमी देतो आणि शेवटी सगळ्यात चांगला कार्यकर्ता सोडून जातो. मी स्वतः असली प्रपोजलं लिहिलीत आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. नव्या प्रपोजलमध्ये माणसांचा खर्च लपवू नका, सगळ्यात वर लिहा.

प्रश्न : एक औषध कंपनी आमच्या आरोग्य केंद्राला औषधं फुकट देतेय. घ्यावीत का? नाही म्हणायला जीव होत नाही.

उत्तर : घ्या, पण तुम्हाला लागणारी, तुमच्या यादीतली आणि मुदत शिल्लक असलेली. औषधांच्या देणगीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांचा साधा नियम असा की औषध पोचेल तेव्हा निदान वर्षभराची मुदत उरलेली हवी. नाहीतर ते नष्ट करण्याचा खर्च तुमच्या गळ्यात पडतो.

चांगलं दान कसं असतं ते बघायचं तर मर्क कंपनीचं बघा. १९८७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की रिव्हर ब्लाइंडनेस या माणसाला आंधळं करू शकणाऱ्या जंतांच्या रोगासाठी आयव्हरमेक्टिन हे औषध लागेल तेवढं, लागेल तितकी वर्षं फुकट देऊ. या रोगातला मोठा जंत शरीरात दहा-पंधरा वर्षं जगतो आणि या औषधाने तो सहसा मरत नाही, फक्त त्याची पिल्लं मरतात, म्हणून डोस वर्षानुवर्षं द्यावा लागतो, एका वर्षाच्या दानाचा इथे काही उपयोगच नव्हता. आणि गोळी फुकट होती तरी ती आफ्रिकेतल्या दूरदूरच्या गावांत घरोघरी दिली गावातल्याच स्वयंसेवकांनी, त्यांच्या ट्रेनिंगला, देखरेखीला वेगळा पैसा उभा करावा लागला. तुमच्या कंपनीला हेच विचारा, औषधासोबत वाटपाचा खर्च देताय का?

प्रश्न : तंबाखू कंपनीच्या पैशातून मुलांसाठी सायन्स लॅब होत असेल तर काय हरकत आहे? पैसा तर चांगल्या कामाला लागतोय.

उत्तर : माझं उत्तर नाही असंच आहे. तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार २००५ मध्ये लागू झाला, त्याच्या १३व्या कलमात तंबाखूची जाहिरात आणि स्पॉन्सरशिप दोन्ही येतात, आणि त्याची मार्गदर्शक तत्त्वं समाजकार्याच्या नावाने दिलेल्या देणग्यासुद्धा त्यातच धरतात. पुढे २०१७ मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीच्या पैशावर धूरमुक्त जगासाठी म्हणून एक फाउंडेशन निघालं तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने आपण त्याच्याबरोबर काम करणार नाही असं स्पष्ट सांगितलं. ज्या मुलांना आपण फुप्फुसं कशी चालतात ते शिकवणार त्यांच्या लॅबच्या दारावर तंबाखू कंपनीची पाटी मला बघवणार नाही.

प्रश्न : फाउंडेशन म्हणतंय, तुम्ही तयार केलेल्या प्रयोगांच्या पुस्तिका आमच्या मालकीच्या राहतील. सही करू का?

उत्तर : आत्ता नको. त्यांचं नाव आणि आभार छापा, लोगोही छापा, पण पुस्तिका कुणालाही फुकट वापरता येतील हे करारात लिहून घ्या. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग बिअर कंपनीचं उदाहरण त्यांना सांगा. मालक जेकबसेन यांनी १८७५ मध्ये प्रयोगशाळा काढली, पुढच्या वर्षी फाउंडेशन, आणि नियमच केला की तिथलं महत्त्वाचं संशोधन गुप्त ठेवायचं नाही. १८८३ मध्ये तिथे बिअर आंबवणारं शुद्ध यीस्ट वेगळं काढता आलं, ते त्यांनी दुसऱ्या बिअरवाल्यांनाही देऊन टाकलं, आणि मुलं आज पीएच कागद घेऊन जो पीएच, म्हणजे पदार्थ किती आम्ल आहे त्याचं माप, मोजतात तीही कल्पना १९०९ मध्ये तिथूनच आली. हे ऐकूनही अडून बसले तर निदान एवढं तरी मागा की ग्रँट संपल्यावर पुस्तिकांचे हक्क तुमच्याकडे परत येतील, आणि ते तोंडी नको, लेखीच घ्या.