दहावीतली मुलगी एकपर्यंत अभ्यास करून सहाला उठते. पाच तास झोप पुरते का?

नाही, पुरत नाही. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप हवी, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेतच. झोप तोडली की तीच ओळ तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, बेरजेतला हातचा राहतो आणि नुसतं ‘जेवायला ये’ म्हटलं तरी डोळे भरून येतात. त्याला नाटकं म्हणू नका, खरंच. या वयात मेलाटोनिन, म्हणजे झोप आणणारं संप्रेरक, उशिरा स्रवतं, म्हणून लवकर झोप न येणं हा आळस नव्हे. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये २०१६ साली हायस्कुलं सकाळी ७:५० ऐवजी ८:४५ला भरू लागली, तेव्हा मुलं रोज सुमारे ३४ मिनिटं जास्त झोपू लागली. साडेनऊला मोबाइल आणि पुस्तक दोन्ही बाजूला ठेवायला लावा. मात्र पुरेशी झोप होऊनही दोन आठवडे उदास राहिली, तर डॉक्टरांना दाखवाच.