दुपारची शिडाची सफर: कॅरिबियनला निघालेल्या वाचकांचे प्रश्न

या वेळी कॅरिबियनची पत्रं बरीच आली आहेत. जवळजवळ सगळ्यांच्या कार्यक्रमात एक दुपार शिडाच्या कॅटामरानवरची, म्हणजे दोन तळांच्या बोटीवरची आहे: चार-पाच तासांची सफर, दोन ठिकाणी पाण्यात उतरणं, बोटीवरच जेवण आणि पेयं. बहुतेक जण बार्बाडोसला चालले आहेत, म्हणून उत्तरंही तेच बेट धरून दिली आहेत. दुसऱ्या बेटावर जिथे फरक पडतो, तिथे तसं लिहिलं आहे.

जानेवारीत आम्ही सहा जण जात आहोत. मुलं तलावात पोहतात, मला आणि सासूबाईंना अजिबात येत नाही. आम्ही दोघींनी बोटीवर नुसतं बसून राहायचं का?
– एक वाचिका, कॉलेज रोड

बसून राहू नका. फक्त तयारी नाशिकमध्येच करा, बोटीवर गेल्यावर ती होत नाही.

आधी पाण्याबद्दल. कॅरिबियनमधला वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून येतो. त्यामुळे बेटाची पश्चिम बाजू आडोशाला राहते आणि या सफरी तिकडेच जातात. पाणी 26 ते 29 अंशांच्या आसपास, भरती-ओहोटीचा फरक एका मीटरच्या आतला. ब्रिजटाउन या बार्बाडोसच्या राजधानीजवळच्या कार्लाइल बे मध्ये बुडालेल्या बोटी आहेत. त्यातली 1919 मध्ये बुडालेली बर्विन ही टगबोट वरून तरंगतानाही स्वच्छ दिसते. कासवंही वरूनच दिसतात. पण तळ दिसतो म्हणजे पाय टेकतील असं नाही. बोट उभी राहते तिथे तुमच्या उंचीच्या दुप्पट पाणी असू शकतं. ही गोष्ट माहीत नसलेला माणूस शिडीवरून उतरतो, पाय खाली शोधतो आणि घाबरतो.

न पोहणाऱ्याला बुडण्यापेक्षा श्वासाचा त्रास आधी होतो. पाण्याखालचं बघायला डोळे-नाक झाकणारा मास्क लावतात आणि श्वासासाठी तोंडात स्नॉर्केल, म्हणजे पाण्याबाहेर टोक राहणारी नळी धरतात. मास्कमध्ये नाक बंद असतं आणि तोंडाने श्वास घ्यायची आपल्याला सवय नसते. पहिल्या दोन मिनिटांत छाती भरून आल्यासारखी वाटते आणि माणूस नळी काढून टाकतो. म्हणून निघण्याआधी तीन-चार आठवडे मास्क आणि स्नॉर्केलची नळी विकत घ्या. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर मापाचा. पुरुषांना मिशीच्या जागेतून पाणी शिरतं, तिथे नाकाखालची एक पट्टी कातरून घेतली की बरंच थांबतं. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क नवख्याने घेऊ नये. आत पाणी आलं तर तो झटकन निघत नाही आणि सोडलेला श्वास आतच फिरत राहण्याचा धोका असतो.

पहिले दोन दिवस घरी खुर्चीत बसून, मास्क लावून, तोंडाने दहा-दहा मिनिटं श्वास घ्या. मग महापालिकेच्या किंवा तुमच्या सोसायटीच्या तलावात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चेहरा पाण्यात घाला, काठ हाताशी ठेवा. ते जमलं की मुद्दाम नळी पाण्याखाली न्या, ती भरू द्या आणि 'फू' करून एका जोरदार फुंकेत पाणी बाहेर काढा. ही फुंक जमली की निम्मी भीती जाते. काचेवर वाफ धरते, त्यासाठी आत बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून पाण्याने हलकेच विसळायचं.

बोटीवर तोंडाने फुगवायचं पातळ जॅकेट देतात. ते पोहता येणाऱ्यांसाठी ठीक आहे. तुम्ही दोघींनी फोमचं जॅकेट मागा आणि कमरेचा पट्टा घट्ट ओढा. ढिला राहिला तर पाण्यात जॅकेट हनुवटीपर्यंत वर सरकतं आणि मान वर धरावी लागते. पहिली पाच मिनिटं शिडीचा दोर सोडू नका. नंतर गाइडजवळ तरंगणारी रिंग असेल, ती धरून त्याच्याबरोबर जा. सासूबाईंना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर पाण्यात उतरण्याबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. बोटीवर डोकं भणभणतंय किंवा दम लागतोय असं वाटलं, तर त्या दिवशी उतरूच नये.

मला कसारा घाटातसुद्धा उलटी होते. समुद्रात माझं काय होईल?
– एक वाचक, इंदिरानगर

पश्चिम किनाऱ्याला धरून चालताना समुद्र बराच शांत असतो. बेटाचं टोक ओलांडलं की आडोसा संपतो आणि लाटा मोठ्या होतात. कॅटामरानला दोन तळ असल्यामुळे ती एका अंगावर झुकत नाही, पण छोटे, झटपट हिसके देते. पुढच्या बाजूला दोन तळांमध्ये ताणलेली जाळी असते, फोटोत सगळे तिथेच पडलेले दिसतात. सगळ्यात जास्त उसळी तिथेच बसते. तुम्ही बोटीच्या मध्यभागी, थोडं मागे बसा, तोंड चालत्या दिशेला ठेवा आणि नजर क्षितिजावर. फोन खिशात. शौचालयात आणि खालच्या खोलीत गरजेपुरतंच जा, कारण तिथे क्षितिज दिसत नाही.

अ‍ॅव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर बोट सुटण्याआधी तासभर घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. झोप येते, म्हणून त्या दिवशी रम बंद. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. उपाशीही जाऊ नका आणि भरल्या पोटीही नको. दोन तास आधी टोस्ट आणि केळं पुरे. आलेपाकाच्या चार वड्या खिशात असाव्यात. काहींना बोट चालताना बरं वाटतं आणि नांगर टाकून उभी राहिली की मळमळतं. त्यांनी सरळ पाण्यात उतरावं, तरंगताना बऱ्याच जणांचा त्रास कमी होतो. उलटी आलीच तर वारा पाठीवर येईल त्या कठड्याशी जा.

आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बरोबर जैन मित्र आहेत. बोटीवर काय मिळेल?
– एक वाचक, पंचवटी

सांगितलं नाही तर भात आणि फळं. ग्रिल्ड चिकन आणि मासे हे मुख्य जेवण. शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थांत काय असतं ते पाहा. मॅकरोनी पाय हा चीजचा भाजलेला पास्ता, त्यात बहुधा अंडं फेटून घातलेलं असतं. कोबीच्या सॅलडमध्ये मेयोनेज, म्हणजे पुन्हा अंडं. 'राइस अँड पीज' मधले दाणे अनेकदा आपल्या तुरीचे असतात, चवीला छान लागतात, पण शिजवताना त्यात कधी कधी खारवलेलं डुकराचं मांस पडतं. तळलेली केळी आणि नीरफणसाच्या फोडी खायला हरकत नाही, फक्त तेच तेल माशांना वापरलंय का ते विचारा.

जेवण बहुतेक किनाऱ्यावर तयार होऊन बोटीवर चढतं, म्हणून ऐन वेळी काही बदलता येत नाही. बुकिंग करतानाच लिहून कळवा आणि दोन दिवस आधी पुन्हा आठवण द्या. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका, त्यात मासे चालतात असं धरलं जातं. मांस, चिकन, मासे, अंडी नकोत, असं एकेक नाव घेऊन लिहा. कांदा-लसणाशिवायचं जेवण मिळेल या भरवशावर मित्रांनी राहू नये. त्यांनी खाकरे आणि सीलबंद पाकिटातलं कोरडं खाणं इथूनच न्यावं. ताजी फळं आणि घरचं तूप विमानतळावर अडू शकतं.

किनाऱ्यावर मात्र चंगळ आहे. 30 मे 1845 ला फातेल रझाक हे जहाज पहिले भारतीय मजूर घेऊन त्रिनिदादला पोहोचलं, आणि त्यांच्या मागून आलेल्यांची रोटी आज साऱ्या कॅरिबियनमध्ये खातात. बटाटा-चण्याची रोटी मागा, ती बांधून घेऊन सफरीला गेलात तरी चालेल, पण बोटवाल्यांना आधी विचारून.

सफरीत 'ओपन बार' आहे. किती प्यायलं म्हणजे जास्त?
– एक वाचक, नाशिक रोड

बरं झालं विचारलंत, कारण या सफरीत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

रम पंचचं तिथलं जुनं प्रमाण असं: एक भाग आंबट, दोन भाग गोड, तीन भाग कडक, चार भाग सौम्य. म्हणजे लिंबाचा रस, साखरेचा पाक, रम, आणि पाणी-बर्फ, वर बिटर्स या कडू अर्काचे थेंब आणि किसलेलं जायफळ. या प्रमाणात 240 मिलीचा ग्लास भरला तर त्यात 72 मिली रम जाते. आपला मोठा पेग 60 मिलीचा. वाइन चाखून तयार झालेल्या नाशिककरांना दुसरा हिशेब सांगतो: 13 टक्क्यांच्या वाइनच्या 150 मिली ग्लासात साडेएकोणीस मिली अल्कोहोल असतं, तर 40 टक्क्यांच्या रमचा हा एक पंच जवळपास 29 मिलीचा, म्हणजे दीडपट. गोडी आणि बर्फामुळे कडकपणा लागत नाही आणि ऊन डोक्यावर असल्याने तहान लागलेली असते. दोन ग्लास सरबतासारखे पोटात जातात आणि अर्ध्या तासाने पाय लटपटतात, तेही हलत्या डेकवर.

म्हणून क्रम ठरवून टाका: आधी पोहणं, मग जेवण, मग रम. शेवटचं पोहणं झाल्याशिवाय बार उघडत नाही, अशी बोट मिळाली तर तीच घ्या. ज्या बोटीवर धक्क्यावरून निघताच ग्लास हातात येतात, तिथे स्वतःला आवरावं लागतं. पहिल्या पंचमध्ये निम्मी रम सांगा आणि प्रत्येक ग्लासामागे तेवढंच पाणी प्या. 'किती' चं उत्तर: धडधाकट माणसाने, पोहून झाल्यावर, तीन तासांत दोन. त्यानंतर पुन्हा पाण्यात जायचं नाही.

मुलं बरोबर असतील तर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. फ्रूट पंच आणि रम पंच रंगाने सारखेच दिसतात, ग्लासही तेच. मुलांचं पेय बारमधून स्वतः आणा आणि आधी चव घेऊन बघा.

कपडे काय न्यावेत? मंगळसूत्र घातलं तर चालतं का?
– एक वाचिका, देवळाली कॅम्प

मंगळसूत्र, पैंजण, अंगठ्या हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. चमकणारं धातूचं काही पाण्यात हललं तर बॅराकुडा हा मासा त्याला छोटा मासा समजून झडप घालू शकतो. शिवाय पाण्यात बोटं आक्रसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळतही नाही.

सुती कुडता किंवा सलवार पाण्यात उतरायला नको, भिजून जड होते आणि पायात गुंडाळते. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ स्विमसूट उत्तम. तिथे कुणी वळूनही बघत नाही आणि उन्हापासूनही राखण होते. बार्बाडोस चेन्नईच्याच अक्षांशावर आहे, दुपारचं ऊन कडक असतं आणि वाऱ्यामुळे ते जाणवत नाही. पालथं तरंगताना पोटऱ्या आणि गुडघ्यांची मागची बाजू सगळ्यात जास्त भाजते. उघड्या अंगाला प्रौढ माणसाला एका वेळी साधारण 30 मिली सनस्क्रीन लागतं, लोक याच्या पाव भागही लावत नाहीत. निघण्याआधी लावा, पोहून आल्यावर पुसून पुन्हा लावा. झिंक ऑक्साइडचं घ्या. अरुबा, बोनेर आणि अमेरिकन व्हर्जिन बेटांवर ऑक्सिबेन्झोन असलेल्या सनस्क्रीनला प्रवाळांसाठी बंदी आहे.

लष्करी छपाईचे, हिरव्या-करड्या ठिपक्यांचे कपडे बॅगेतून काढून ठेवा. बार्बाडोसमध्ये सामान्य नागरिकाने ते घालणं बेकायदा आहे, लहान मुलांचीही त्यातून सुटका नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क करून घ्या. कॉन्टॅक्ट लेन्स घालून समुद्रात उतरल्याने डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो.

सफर किनाऱ्यावर थांबली आणि खोडावर लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं, तर पावसात त्याखाली उभं राहू नका. ते मँचिनील. त्याच्या पानांवरून गळणाऱ्या पाण्याने कातडी भाजते. हिरव्या सफरचंदासारखं दिसणारं फळ तर मुलांना हातही लावू देऊ नका.

कोणता महिना घ्यावा? आणि क्रूझ जहाजावरून उतरून स्वतः बोट ठरवली तर चालेल का?
– एक वाचक, सातपूर

डिसेंबर ते एप्रिल. पाऊस कमी, मात्र डिसेंबर-जानेवारीत वारा जोराचा असतो. वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर, त्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात धोक्याचे. 29 जून 2024 ला ब्रिजटाउनमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आपला संघ तिथेच अडकून पडला होता, तो बेरिल वादळामुळेच. त्या महिन्यांत जायचंच असेल तर अरुबा किंवा कुरासाओ बघा, ती वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. सूर्यास्त बघायचा असेल तर लक्षात ठेवा, डिसेंबरात तो पावणेसहाच्या सुमारास होतो, जूनमध्ये साडेसहाच्या.

विमानाने जाणार असाल तर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी बोट ठेवू नका. बार्बाडोस आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. तिथे दुपारचे दोन वाजतात तेव्हा तुमच्या शरीराचे रात्रीचे साडेअकरा. वाटेत अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं, तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी बघा.

क्रूझवरून उतरून स्वतः बोट ठरवता येते, आणि बरेचदा ती कमी गर्दीची मिळते. धोका एकच: जहाजाने ठरवलेली सफर उशिरा परतली तर जहाज सहसा थांबतं, तुमची खासगी सफर उशिरा परतली तर थांबत नाही. जहाजाचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ वेगळं असू शकतं, उतरताना दोन्ही वेळा टिपून घ्या. हिशेब जहाज सुटण्याच्या वेळेवरून करू नका, सगळ्यांनी चढून व्हायच्या वेळेवरून करा. त्याच्या निदान दोन तास आधी कॅटामरान धक्क्याला लागायला हवी. तेवढी फट मिळत नसेल तर दुपारची सोडून सकाळची सफर घ्या.