ज्येष्ठमधातला ज्येष्ठ कोण?

प्रश्न असा आहे: खोकल्याची ढास लागली की आजी ज्येष्ठमधाची कांडी चघळायला देते. दिसायला ती वाळकी काटकी. मग तिच्या नावात 'ज्येष्ठ' कोण, आणि 'मध' कुठे? ज्येष्ठ महिन्यात खणून काढतात म्हणून हे नाव पडले का? काष्ठौषधीच्या पुडीवर 'जेष्टमध' छापलेले असते, ते चूकच ना? आणि जाता जाता, 'काढा' हा शब्द रस 'काढण्या'वरून आला का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच देऊन टाकले आहे. ती काटकी आहे, हेच तिचे नाव. संस्कृतात या औषधाला 'यष्टिमधु' म्हणतात. यष्टि म्हणजे काठी आणि मधु म्हणजे गोड. गोड काठी, एवढेच. ज्येष्ठपणा त्यात कुठेच नाही, आणि मधमाशीचाही काही संबंध नाही.

'यष्टी' हा शब्द आपल्याला परका नाही. काठीसारखा सडसडीत बांधा म्हणून आधी देहयष्टी आली. पुढे 'शरीरयष्टी' धिप्पाड माणसालाही लागू लागली आणि त्यातली काठी आपण विसरलो. क्रिकेटमध्ये मात्र ती अजून उभी आहे. यष्टिरक्षक, यष्टिचीत या शब्दांतल्या यष्ट्या म्हणजे मैदानात रोवलेल्या तीन काठ्याच. (गावाकडची 'येष्टी' मात्र यातली नव्हे. ती एसटी, आणि तिची शरीरयष्टी आपण सगळे जाणतो.)

मग यष्टीची ज्येष्ठ झाली कशी? संस्कृत शब्दाच्या सुरुवातीचा 'य' प्राकृतात 'ज' होतो. वररुचीने प्राकृताच्या व्याकरणात त्यासाठी सूत्रच दिले आहे, 'आदेर्यो जः'. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी, यवाचे जव, यज्ञोपवीताचे जानवे, आणि यंत्राचे चक्क जाते. दुसरीकडे 'ष्ट' आणि 'ष्ठ' हे दोन्ही 'ठ'वर येऊन थांबतात. मुष्टीची मूठ, अष्टाचे आठ, पृष्ठाची पाठ, ओष्ठाचा ओठ. या दोन्ही गिरण्यांतून 'यष्टि' काढली तर हाती येते ते जट्ठी, जेठी असे काहीतरी. गुजरातीत आजही या औषधाला 'जेठीमध' म्हणतात.

पंचाईत इथेच झाली. 'ज्येष्ठ'ही त्याच गिरण्यांतून गेला आणि त्याचा झाला 'जेठ'. दोन वेगळ्या घरांतली माणसे एकाच वेशात समोर आली. मग कुणा शिकल्यासवरल्याला 'जेठी' गावंढळ वाटली असणार. त्याने तिला आंघोळ घालून, सोवळे नेसवून संस्कृत घरी परत पाठवले, पण घर चुकले. यष्टीकडे जायची ती ज्येष्ठाकडे जाऊन बसली. एकदा तिथे बसली म्हटल्यावर लोकांनी कारणेही शोधली. सगळ्या गोड औषधांत हे वडीलधारे, म्हणून ज्येष्ठ. मधाच्याही आधीचा मध, म्हणून ज्येष्ठ. ज्येष्ठ महिन्यात काढतात, म्हणून ज्येष्ठ. शब्द कळेनासा झाला की लोक त्याला कथा जोडतात, आणि कथा शब्दापेक्षा जास्त टिकते.

महिन्याची कथा तर सहज मोडते. ज्येष्ठमध आपल्या डोंगरांत उगवतच नाही. अफगाणिस्तान, इराण, मध्य आशिया हा त्याचा मुलूख. बाजारात येतात ती त्याची मुळे आणि जमिनीखाली सरपटणारी खोडे. ती साधारण पानगळीच्या सुमारास खणतात, ऐन उन्हाळ्यात नव्हे. गावच्या आठवडी बाजारात ज्याची कांडी दोन पैशांना मिळायची, ते औषध पिढ्यान् पिढ्या परदेशातून येत होते, हे अनेकांना खरे वाटत नाही.

आता 'जेष्टमध'. आजच्या लेखननियमांनी 'ज्येष्ठमध' हेच रूप प्रमाण आहे, तेव्हा परीक्षेत तेच लिहावे. पण पुडीवाल्याच्या चुकीत गंमत आहे. त्याने 'ज'चा 'य' गाळला आणि 'ष्ठ'ऐवजी 'ष्ट' लिहिला. यष्टीतही 'ष्ट'च आहे! म्हणजे अशुद्ध लिहिताना तो शुद्ध लिहिणाऱ्यांपेक्षा मूळ शब्दाच्या जास्त जवळ गेला. मुद्रितशोधकाने दुरुस्त जरूर करावे, फार रागावू नये.

हिंदीत याच कांडीला 'मुलेठी' म्हणतात. ऐकायला हा शब्द पार निराळा, पण माल तोच. संस्कृतात 'मधुयष्टि' असा उलटा समासही आहे. अमरकोशात 'यष्टिमधुक' आणि 'मधुयष्टिका' शेजारी शेजारी नांदतात. आता वररुचीकडे पुन्हा जाऊ. 'य'चा 'ज' होतो असे सांगितल्यावर त्याने या एका शब्दासाठी अपवाद नोंदवला, 'यष्ट्यां लः'. म्हणजे यष्टीतल्या 'य'चा 'ल' होतो. त्यातून निघाली लट्ठी, म्हणजे आपली पोलिसांच्या हातातली लाठी. मधु अधिक लट्ठी, झिजत झिजत मुलहठी, आणि मग मुलेठी. एकाच यष्टीची दोन रूपे: मराठी-गुजरातीत 'ज'ची, हिंदीत 'ल'ची. लाठी आणि ज्येष्ठमध सख्खी भावंडे आहेत, हे मला पहिल्यांदा उमगले तेव्हा मी दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. घरचे अजून त्यावरून चिडवतात.

तमिळ, तेलुगूमध्ये ही भानगडच नाही. तिथे नाव आहे 'अतिमधुरम्', अतिशय गोड. ते खरेही आहे, कारण यातला ग्लिसिरायझिन हा घटक साखरेच्या 30 ते 50 पट गोड असतो. त्याचे नाव ग्रीकातून आले. ग्लुकुस म्हणजे गोड, ऱ्हिझा म्हणजे मूळ. लॅटिन बोलणाऱ्यांनी हा ग्रीक शब्द उचलला आणि 'द्रव' या अर्थाच्या स्वतःच्या शब्दाशी त्याचे नाते जोडून तो बिघडवला. त्यातून इंग्रजीचा 'लिकरिश' झाला. तेव्हा घर चुकलेले आपण एकटेच नाही.

आणखी एक सावधगिरी. जुन्या वैद्यक ग्रंथांत याला नुसते 'मधुक'ही म्हणतात. चरकाने कंठाला हितकर अशी जी दहा द्रव्ये सांगितली, त्यांत मधुक आहे. पण 'धू' दीर्घ केला की होतो 'मधूक', म्हणजे मोहाचे झाड. एका उकारात घसा सोडून माणूस मोहाच्या दारूपाशी पोचतो.

खेड्यात हे विकतचे औषध नेहमी हाताशी असायचेच असे नाही. मग कुंपणावरच्या गुंजेचा पाला चघळायचा. तोही गोडसर लागतो, घशाला बरा वाटतो, आणि कीर्तनकार-गवयांच्या विड्यात आजही असतो. मात्र पाल्यापुरतेच. लाल अंगाची, काळ्या डोळ्याची गुंज सोने तोलायला ठीक (आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा), पण ती जहर विषारी असते. पोरांच्या हाती बी लागू देऊ नये. ज्येष्ठमधही रोज मूठभर खायची वस्तू नव्हे. त्याने रक्तदाब वाढतो, आणि धाप लागण्याइतका त्रास असेल तर कांडी बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

राहिला काढा. रस 'काढला' तो काढा, असे मलाही बरीच वर्षे वाटत होते. तसे नाही. संस्कृत क्वथ् म्हणजे उकळणे, त्यावरून क्वाथ, आणि क्वाथाचा काढा. अडुळशाची पाने, सुंठ, ज्येष्ठमध टाकून चार कप पाणी एका कपावर आटवायचे, ते हेच क्वथन. 'कढणे' त्याच धातूतून आले, म्हणून ताकाची कढी, मुगाचे कढण आणि कढत पाणी हे सारे काढ्याचे गणगोत. 'काढणे' प्राकृत 'कड्ढ' म्हणजे ओढणे या वेगळ्या धातूपासून आले आहे.

ज्या कढईत कढी कढते ती मात्र या कुटुंबातली नाही. ती 'कटाह' या शब्दापासून आली आहे.